लाइन डीम आहे, मग मोटर का जळते?

एक साधा प्रश्न. संध्याकाळी व्होल्टेज कमी झालं की घरातला पिवळा बल्ब मंद होतो, पंखा रेंगाळतो, गिझरचं पाणी कोमट राहतं. वीज कमी आली, काम कमी झालं, हिशेब सरळ आहे. मग तेच व्होल्टेज शेतात कमी झालं की पाच एचपीची मोटर जळते कशी? कमी जेवल्याने कुणाचं पोट फुटतं का?

लातूर-नांदेड भागात ज्याच्या घरी शेती आहे त्याने "मोटर जळाली" हे वाक्य वर्षातून एकदा तरी ऐकलेलं असतं. मी हा प्रश्न आमच्या इलेक्ट्रिकलच्या थर्ड इयरच्या वर्गात विचारून पाहिला. "शॉर्ट होतं", "फेज उडतो", "करंट वाढतो" अशी उत्तरं आली. तिसरं उत्तर बरोबर आहे. पण ओहमच्या नियमाप्रमाणे दाब कमी झाला तर करंटही कमी व्हायला पाहिजे, तो वाढतो कसा, असं विचारल्यावर सगळे गप्प. म्हणून हा लेख. यात फक्त दहावीचं गणित आहे, कॉम्प्युटर आणि मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटू नये.

आधी शब्दांचं बघू. मी लातूरला कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'विभवांतर' हा शब्द मला कॉलेजात आल्यावर कळला आणि ऐकल्यावर तो एखाद्या पौराणिक नाटकातला वाटला. मराठी शाळेतल्या मैत्रिणींना मात्र विभवांतर, विद्युतधारा आणि रोध हे तिन्ही पाठ होते. औसा तालुक्यात माझे मामा शेती करतात, ते याला 'होल्टेज' म्हणतात, आणि ते कमी असलं की "लाइन डीम हाय". वीज कंपन्यांच्या कागदावर 'लघुदाब वाहिनी' आणि 'उच्चदाब वाहिनी' असं लिहितात. मला हा 'दाब' शब्द सगळ्यांत आवडतो, कारण पाण्याच्या टाकीशी तो लगेच जुळतो. टाकी जितकी उंच तितका दाब, पाइपातून वाहणारं पाणी म्हणजे धारा, आणि पाइप जितका बारीक व लांब तितका रोध.

गणितं दोनच. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम मिळतात, हा रोध. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट मिळतात, ही शक्ती. दोन्ही एकत्र केले की तिसरं सूत्र आपोआप निघतं: तारेत तयार होणारी उष्णता म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. या तिसऱ्या सूत्रातला 'वर्ग' लक्षात ठेवा, आपल्या गोष्टीतला खलनायक तोच आहे.

जॉर्ज ओहमने हा नियम १८२७ साली पुस्तकात छापला, तेव्हा तो शाळामास्तर होता. गंमत म्हणजे त्याचीही लाइन डीम होती. त्या काळच्या बॅटरीचा दाब प्रयोग चालू असतानाच उतरत जायचा, त्यामुळे आकडे जुळेनात. शेवटी त्याने बॅटरी सोडली. तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं. त्यातून मिळणारा दाब अगदी थोडा होता, पण स्थिर होता. मग नियम सापडला. उष्णतेचा नियम जूलने १८४१ मध्ये मांडला, आणि त्याच वर्षी ओहमला रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं.

आता हिशेबाला लागू. १०० वॅटचा पिवळा बल्ब २३० व्होल्टवर किती करंट घेतो? १०० भागिले २३०, म्हणजे ०.४३ अँपिअर. त्याचा रोध २३० भागिले ०.४३५, म्हणजे साधारण ५२९ ओहम. आता तोच बल्ब होल्डरमधून काढून थंड झाल्यावर मल्टिमीटर लावा. मीटर चाळीसच्या आसपास दाखवेल! मीटर बिघडलेला नाही. टंगस्टनची तार पेटल्यावर दोन हजार अंशांच्या वर जाते आणि तिचा रोध दहा-बारा पटींनी वाढतो. म्हणजे 'व्होल्ट भागिले अँपिअर' हा आकडा वस्तूच्या अंगावर कायमचा गोंदलेला नसतो, ती वस्तू त्या क्षणी काय करतेय यावरही तो ठरतो. हे आपल्याला पुढे लागणार आहे.

पाणी तापवायचा रॉड मात्र सरळमार्गी आहे. त्याचा रोध गरम-थंड साधारण सारखाच राहतो. (हॉस्टेलवर रॉडला बंदी आहे, त्यामुळे हा रॉड घरचा समजावा.) १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर ६.५ अँपिअर घेतो, म्हणजे रोध सुमारे ३५ ओहम. लाइन डीम होऊन दाब १७० वर आला तर करंट ४.८ होतो आणि शक्ती ८२० वॅट. दाब पाव हिश्श्याने कमी झाला, पण शक्ती जवळपास निम्मी झाली, कारण दाब आणि धारा दोन्ही घटले. १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायला जिथे साडेसतरा मिनिटं लागायची तिथे बत्तीस लागतील. आंघोळीला उशीर होईल, पण रॉडला काही होणार नाही. बल्बचंही तसंच.

मोटर वेगळी आहे. रॉडला किती काम करायचं हे दाब ठरवतो. मोटरला किती काम करायचं हे पाणी ठरवतं. विहिरीत पाणी साठ फूट खाली आहे, ते वर चढवायचं आहे. दाब कमी झाला म्हणून पाणी वर येत नाही आणि त्याचं वजनही घटत नाही. इंडक्शन मोटर थोडी मंदावते, पण फार नाही. तिला जवळपास तेवढंच काम करायचं असतं. आणि शक्ती जर दाब गुणिले धारा असेल, शक्ती तेवढीच राहणार असेल आणि दाब घटला असेल, तर धारा वाढण्यावाचून दुसरा मार्गच नाही. झालं उत्तर. ओहमचा नियम मोडलेला नाही. फक्त मोटर म्हणजे ३५ ओहमचा ठोकळा नाही, इतकंच.

आकडे घालू. ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट. मोटर आणि पंपाच्या साच्यात थोडी शक्ती वाया जाते, म्हणून मोटरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ती लाइनमधून ४९७३ वॅट ओढते. थ्री फेजला सूत्रात १.७३२ ने आणि पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं, तो ०.८ धरू. ४१५ व्होल्टवर करंट येतो ८.६५ अँपिअर.

दिवाळीच्या सुट्टीत डिपार्टमेंटमधून मागून आणलेला टाँग टेस्टर घेऊन मी मामांच्या शेतात गेले. रात्रीची पाळी होती. लाइन आल्यावर पंधरा मिनिटांनी स्टार्टरपाशी आकडे घेतले: ३३६ व्होल्ट, १०.५ अँपिअर. मामा टॉर्च धरून उभे होते. गुणाकार केला तर शक्ती ४८९० वॅट निघते. म्हणजे दाब ७९ व्होल्टने पडला तरी शक्ती जवळपास तीच! आता भागाकार करून बघा. ४१५ व्होल्टवर या मोटरचा एका फेजचा 'व्होल्ट भागिले अँपिअर' २७.७ येतो, ३३६ वर तो १८.५ येतो. रॉडचा आकडा हलला नव्हता, मोटरचा एक तृतीयांशाने उतरला.

मग जळतं काय? वाइंडिंगची तांब्याची तार. तिचा स्वतःचा रोध फार कमी असतो, दर फेजला २ ओहम धरू. ८.६५ अँपिअरला तिन्ही फेजची मिळून ४४९ वॅट उष्णता होते. १०.८ अँपिअरला ७०० वॅट. करंट पाव पट वाढला, उष्णता दीडपटीच्या वर गेली. हा तो वर्ग. बंद डब्यात अडीचशे वॅटची शेगडी जास्तीची ठेवल्यासारखं आहे. तारेवरचं वार्निश एका रात्रीत जळत नाही, पण इलेक्ट्रिकलमध्ये ढोबळ नियम आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. मोटर दहा वर्षं चालायची ती दोन वर्षांत जाते, आणि आपण म्हणतो कंपनी बोगस निघाली.

प्रत्येक जळालेली मोटर डीम लाइनचीच असते असं नाही हं. वाइंडिंगवाल्याच्या दुकानात गेलात तर उघडलेली मोटर नीट बघा. सगळी कॉइल सारखी काळी पडली असेल तर ओव्हरलोड किंवा कमी दाब. काही कॉइल काळ्या आणि मधल्या काही कोऱ्या तांबूस दिसल्या तर एक फेज गेलेला असताना मोटर चालू राहिली. अनुभवी वाइंडिंगवाला वासावर आणि रंगावर सांगतो, त्याला सूत्र लागत नाही.

आता खरा प्रश्न: दाब पडतो कुठे? आपल्याकडे लोक म्हणतात, परळी उशाला आणि लाइन डीम. परळीचं औष्णिक केंद्र १९७१ पासूनचं, लातूरहून नांदेडला जाताना फार वळसाही पडत नाही. (२०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं होतं, तो वेगळा विषय.) पण वीज जवळ तयार झाली म्हणून दाब चांगला मिळतो असं नसतं. मोटरपाशी दाब किती येणार हे बहुतेक वेळा डीपीपासूनच्या शेवटच्या किलोमीटरवर ठरतं.

डीपीतून निघणाऱ्या लघुदाब लाइनला जी अॅल्युमिनियमची तार असते तिच्या जाडीनुसार तिला प्राण्यांची इंग्रजी नावं आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा, मूस. सबमिशनला हे पाठ करताना प्राणिसंग्रहालयात आल्यासारखं वाटतं. वीझलचा रोध दर किलोमीटरला सुमारे ०.९३ ओहम. ऐकायला किती छोटा! पण त्यातून जाणारी धारा छोटी नाही.

समजा डीपीवर ४१५ व्होल्ट आहेत, एक किलोमीटर वीझल तार आहे आणि शेवटी आपल्यासारख्या सहा मोटरी आहेत. एका मोटरमुळे तारेत ११ व्होल्ट पडतात, सहा मोटरींमुळे ६७. म्हणजे शेवटी ३४८ व्होल्ट उरले. पण थांबा, ३४८ वर मोटर ८.६५ अँपिअर घेत नाही, १०.३ घेते. मग तारेत ६७ नाही, ८० व्होल्ट पडतात. उरले ३३५. त्यावर करंट १०.७. मग आणखी थोडा दाब पडतो. असं करत करत गाडी ३३१ व्होल्ट आणि १०.८ अँपिअरवर येऊन थांबते. मामांच्या स्टार्टरवरच्या ३३६ शी ताडून पाहा. तारेचा रिॲक्टन्स मी सोडून दिलाय, तो धरला तर चित्र आणखी वाईट दिसेल.

आता दहा मोटरी घ्या. हे प्रत्येक वेळी पायरी-पायरीने करण्यापेक्षा समीकरण मांडू: शेवटचा दाब आणि पडलेला दाब यांचा गुणाकार ठरावीक असतो, कारण शक्ती ठरावीक आहे. हे वर्गसमीकरण होतं. सहा मोटरींना उत्तर ३३१ मिळतं. नऊ मोटरींना २४५ मिळतं. दहा मोटरींना वर्गमुळाखालची संख्या ऋण येते. दहावीत सर सांगायचे, विवेचक ऋण आला की लिहायचं 'वास्तव मुळे नाहीत' आणि पुढच्या गणिताकडे जायचं. शेतात पुढच्या गणिताकडे जाता येत नाही. वास्तव मुळे नाहीत याचा अर्थ, त्या तारेतून तेवढी शक्ती शेवटपर्यंत पोचूच शकत नाही, करंट कितीही वाढवा. दाब कोसळतो, मोटरी गुरगुरत जागच्या जागी बसतात, आणि बसलेली मोटर तर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. मग फ्यूज जातो किंवा मोटर जाते. ज्याचं नशीब.

यात एक गोष्ट चटकन दिसत नाही. दहा मोटरींची मागणी होते ६२ केव्हीए. डीपी ६३ केव्हीएची असेल तर कागदावर सगळं नियमात बसलं! डीपीला दहा मोटरी पेलतात, तारेला पेलत नाहीत. लघुदाब ग्राहकाकडे दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा ६ टक्क्यांहून जास्त हलू नये असं भारतीय विद्युत नियम १९५६ पासूनच म्हणत आले. ४१५ चे सहा टक्के म्हणजे २५ व्होल्ट. आपल्या तारेत तिसरी मोटर सुरू होताच ती मर्यादा ओलांडली जाते.

यावर इंजिनिअरचा उपाय जुना आहे: दाब वाढवून न्या, धारा कमी ठेवा. दहा मोटरींची वीज ४१५ व्होल्टने नेली तर ८६ अँपिअर लागतात आणि किलोमीटरभर तारेत जवळपास २१ किलोवॅट जळतात. तीच वीज त्याच तारेतून ११ हजार व्होल्टने नेली तर ३.३ अँपिअर पुरतात आणि नुकसान ३० वॅट, एका छोट्या बल्बएवढं. दाब साडेसव्वीस पट, नुकसान सातशे पटींनी कमी. पुन्हा तो वर्ग, या वेळी आपल्या बाजूने. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला १९९९ पासून जी डीसी लाइन आहे ती ७५२ किलोमीटर लांब, ५ लाख व्होल्टच्या दोन तारांची आणि १५०० मेगावॅटची आहे. भागाकार करा, एका तारेत १५०० अँपिअर. महाराष्ट्रात २०१८ मध्ये कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली, म्हणजे एचव्हीडीएस, याच तत्त्वावर आणली: ११ केव्हीची लाइन शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन पंपांना मिळून एक छोटी डीपी द्यायची. सौर पंपाने तर हा शेवटचा किलोमीटरच पुसून टाकला, पॅनलपासून मोटरपर्यंत काही मीटर केबल, बस्स. पण तो रात्री चालत नाही आणि ढगाळ दिवसात त्याचीही लाइन डीमच असते.

ज्यांच्याकडे यातलं काहीच पोचलेलं नाही त्यांनी काय करायचं? मामांनी हेच विचारलं. "पोरी, गणित झालं, आता सांग करू काय?"

स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो, त्याला एक छोटी चकती असते. ती मोटरच्या पाटीवरच्या करंटवर लावायची असते. दाब उतरला की करंट वाढतो, रिले ट्रिप होतो, भिजवण अर्धं राहतं, म्हणून लोक चकती फिरवून १२-१३ वर नेऊन ठेवतात. मामांच्या आजूबाजूच्या सगळ्या स्टार्टरवर मला तेच दिसलं. रिले म्हणजे मोटरचा वॉचमन, आणि त्याला आपणच झोपायला सांगितलेलं.

दुसरं ऑटो स्विच. रात्री दोनला कोण उठणार, म्हणून प्रत्येकाने ऑटो लावलेला असतो. लाइन आली की सगळ्या मोटरी एकाच सेकंदाला सुरू व्हायला बघतात. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट मागते, आणि तिची सुरुवातीची ओढ दाबाच्या वर्गाने कमी होते. ३३१ व्होल्टवर ती ६४ टक्केच उरते. एकीला चालणारी गोष्ट सहा जणींना एकदम चालत नाही. ऑटोमध्ये टायमर असेल तर प्रत्येकाने वेगळा उशीर लावला तरी खूप फरक पडतो.

तिसरं कपॅसिटर. ५ एचपीला २ केव्हीएआरचा लावला तर पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ होतो, लाइनमधला करंट ८.६५ चा ७.३ होतो आणि तारेतलं नुकसान २९ टक्क्यांनी घटतं. दाब थोडा सुधारतो, फार नाही. शिवाय एकट्याने लावून उपयोग कमी, कारण तार सगळ्यांची एक आहे.

आणि चौथं, बिनखर्चाचं. सहा मोटरी तीन-तीन करून चालवल्या तर दाब ३७८ व्होल्ट मिळतो आणि करंट ९.५ वर येतो. मी वहीत हे मांडून दाखवलं. मामांनी आकडे दोनदा वाचले. म्हणाले, "म्हंजी आठ तासाच्या लाइनीत चार तास मी बसायचं. हरभऱ्याला पानी मी देऊ का शेजारी?" त्यांचं बरोबर होतं. ३३१ व्होल्टवरही पाणी जवळपास तेवढंच येतं, फक्त मोटरचं आयुष्य जातं. चार तास कमी केले तर पाणी निम्मं होतं, आणि ते आजच दिसतं. मोटर दोन वर्षांनी जळणार असते.

त्या रात्री त्यांनी रिलेची चकती ९.५ वर आणून ठेवली. तासाभरात मोटर तीनदा ट्रिप झाली. तिसऱ्यांदा ते स्वतः उठून शेजारच्या दोन शेतांत गेले आणि ऑटोच्या वेळा मागेपुढे लावायचं बोलून आले. एकजण तयार झाला. दुसरा म्हणाला, आधी तुमच्या भाचीचं शिक्षण पुरं होऊ द्या.